सुरखाब की हरियल

माय, पोरगी आज दुपारच्या गाडीने गेली. ठाण्याला. उद्या सकाळी तिचा लेखी पेपर आहे, पोलीस शिपाई भरतीचा, आणि मी ड्यूटीवरून येऊन वर्दीही न उतरवता स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आहे. सकाळची भांडी तशीच पडलीत. तुला लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं. तू गेलीस तेव्हा ही पोर रांगत होती आणि आज ती धावण्यात पास होऊन पेपरला निघाली, म्हणजे किती काळ गेला बघ. तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तुझी एखादी शिवी आठवावी लागते, मग आवाज मागून येतो. पण आज माझ्याकडून काहीतरी झालं आहे आणि ते मला उलगडत नाही. ज्याला उलगडलं असतं असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसानेच हा घोळ घालून ठेवलेला आहे. तू रागावू नको. खरं तेच सांगते.

गेलं वर्षभर या घरात सामान्य ज्ञानाशिवाय दुसरं काही शिजलेलं नाही. तुझी नात पहाटे मैदानावर, दुपारी अभ्यासिकेत, आणि संध्याकाळी मोबाईलवर सराव प्रश्नपत्रिका. फ्रिजच्या दारावर नद्या, न्हाणीघराच्या दारामागे घाट आणि धरणं. तिचे वडील सुरतेला कामाला, महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. त्यांनाही ती चहा पिता पिता घटनेची कलमं विचारते आणि ते बिचारे पुढच्या महिन्यात यायचं की नाही या विचारात पडतात. मला तर ती सोडतच नाही. घरात हवालदार बाई आहे म्हणजे चालतं-बोलतं पुस्तक आहे, असा तिचा समज. नंदुरबार जिल्हा कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला, हे ती मला परीक्षेच्या सुरात विचारते. अगं, झाला तेव्हा मी शाळेत होते, मास्तरांनी फळ्यावरचं धुळे पुसून नंदुरबार लिहिलं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. एकदा तिने विचारलं, दोन राज्यांत विभागलेलं रेल्वे स्थानक कोणतं? मी भाजी ढवळता ढवळता हसत सुटले. तिला कळेना. आपलं बाकडं, माय. नवापूर स्टेशनवरचं, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मामाकडे जायचं असलं की तू त्या टोकाला बसायचीस, मला या टोकाला बसवायचीस आणि मधे डबा ठेवायचीस. तेव्हा मला वाटायचं डबा सांडू नये म्हणून.

त्याच बाकड्यापासून सगळं सुरू होतं बहुतेक. तुझं माहेर उच्छलच्या पुढचं, शाळा गुजराती. बापू शहाद्याकडचे, ट्रकवर. घरात आपण बोलायचो ती अहिराणी, पण तुझ्या अहिराणीत गुजराती इतकी मिसळलेली असायची की शेजारच्या बाया तुला गुजरातवाली म्हणायच्या, आणि माहेरी गेलीस की तिथल्या बाया मराठण म्हणायच्या. बापू गेले तेव्हा मी दहावीला होते. मामा म्हणाला, आता इथे काय ठेवलंय, चल घरी. तू गेली नाहीस. पोल्ट्रीत अंडी निवडायचं काम धरलंस आणि नवापुरातच राहिलीस. का राहिलीस ते तेव्हा विचारायचं सुचलं नाही, मला वाटलं आई जिथे असते तेच घर असतं, त्यात विचारायचं काय.

भरतीचं माझ्या डोक्यात आलं ते बारावीनंतर. गावातल्या आम्ही पोरी पहाटे हायवेच्या कडेने धावायचो, आमचे मास्तर सायकलवरून मागे यायचे आणि ओरडून प्रश्न विचारायचे. धावून आले की मी तुझ्याबरोबर शेडवर यायचे. ते शेड अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. लांब, जाळीचं, कोंबड्यांचा वास इतका की जेवताना हाताला यायचा. तू खाली मांडी घालून बसलेली आहेस, समोर अंड्यांचे ट्रे, दोन्ही हातांत एकेक अंडं. ती दोन अंडी तू हलकेच एकमेकांवर टेकवतेस. टक् असा आवाज खणखणीत आला की चांगल्या ट्रेत, बसका आला की तडकलेल्यांत. मान वर न करता तू मला म्हणतेस, "चाल, बोल. पक्षी?"

मी म्हणते, सुरखाब.

"फूल?"

गलगोटो.

"प्राणी?"

सिंह.

"डोंगर?"

गिरनार. आणि टक्, टक्, टक्, अंडी ट्रेत जात राहतात. माझं उत्तर अडखळलं की तू अंडं हातातच धरून ठेवायचीस. "आवाज बसका ऊना," म्हणायचीस, "तुन्हा जबाबले तडा शे." तोच प्रश्न पुन्हा. तू असं दहा वेळा विचारलंस तरी मला कंटाळा यायचा नाही, खरं सांगते, कारण मधे मधे तडकलेलं एखादं अंडं तू बाजूला ठेवायचीस आणि संध्याकाळी त्याचा रस्सा व्हायचा.

पण माय, हे सगळं गुजरातचं होतं, तिथला राज्यपक्षी, तिथलं राज्यफूल झेंडू, तिथला उंच डोंगर. मामा तिकडच्या पोलीस भरतीची तयारी करत होता, माहेरी गेलीस की ओट्यावर बसून तू त्याचं पाठांतर ऐकायचीस आणि ते सगळं उचलून आणायचीस. उत्तरं पक्की होती, एकही चूक नाही, फक्त राज्य दुसरं. मला परीक्षा द्यायची होती महाराष्ट्राची. मी पहिल्यांदा तुला म्हणाले की आमचे मास्तर प्राण्याला शेकरू सांगतात, तेव्हा तू विचारलंस की शेकरू म्हणजे काय. मी सांगितलं, मोठी खार, झाडावरची. तू हातातली अंडी खाली ठेवलीस आणि इतकी हसलीस की पलीकडच्या बाया बघायला लागल्या. "राज्यना प्राणी खिसकोली? सिंह सोडीसन खिसकोली?" मग दिवसभर जो येईल त्याला सांगत होतीस. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, प्राणी? आणि मी शेकरू म्हटलं तर तू अंडं हातातच धरून ठेवलंस. मी सिंह म्हणेपर्यंत ते ट्रेत गेलं नाही.

एकदा मी चिडले. "माय, हाई महाराष्ट्रनं नही शे. माले एक मार्क कमी पडना तर मी घर बसी राहसू." तू मान वर केलीस. तू क्वचितच रागवायचीस, पण त्या दिवशी रागवलीस. "मी शिकाडस ते खोटं शे का?" एवढंच. मी म्हणाले खोटं नाही. "मंग बोल. पक्षी?" आणि मी मुकाट्याने सुरखाब म्हणाले. असं वर्षभर चाललं. पहाटे हायवेवर मास्तर विचारायचे तेव्हा हरियल, शेकरू, ताम्हण, कळसूबाई. उजाडल्यावर शेडमध्ये तू विचारायचीस तेव्हा सुरखाब, सिंह, गलगोटो, गिरनार. माझ्या डोक्यात दोन कप्पे झाले आणि दोन्ही तोंडपाठ. कोणता कप्पा कधी उघडायचा हे मात्र दरवेळी थांबून आठवावं लागायचं, आणि पेपरात थांबायला वेळ कुठे असतो. मास्तर म्हणायचे, तुझं पाठ आहे पण तू उत्तर द्यायला वेळ फार खातेस. त्यांना मी काय सांगणार, की सर, माझ्या आईचं राज्य वेगळं आहे?

त्याच वर्षी कोंबड्यांत रोग आला, शेडं रिकामी झाली आणि तुझं काम गेलं. मामा पुन्हा आला. या वेळी म्हणाला, पोरीलाही घेऊन चल, तिकडे मोठी भरती निघणार आहे, तिचं सामान्य ज्ञान तर पक्कं आहे. तो हे म्हणाला तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू भाकरी थापत होतीस, तशीच थापत राहिलीस. इथेच मी अडकते बघ. हाच तुझा बेत होता का? मी इकडे नापास व्हावं, आणि तिकडे तुझ्या राज्यात, तुझ्या माणसांत, तुझ्या शिकवणीवर पास व्हावं? तसं असेल तर व्याऱ्याच्या बाजारातून माझ्यासाठी बूट का आणलेस? पांढरे कॅनव्हासचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस घालून घालायचे. पहाटे मला उठवायला तू माझ्या आधी उठायचीस. "उठ व माय, पोरी रस्तावर पोची ग्यात." जिला पोरीने नापास व्हावं असं वाटतं ती बाई थंडीत चूल पेटवून पाणी तापवून देते का? मी पोलिसात इतकी वर्षं काढली, किती जणांचे जबाब घेतले, माणूस कुठे खोटं बोलतो ते मला बऱ्यापैकी कळतं. तुझा जबाब मात्र घ्यायचा राहिला, आणि जे पुरावे आहेत ते एकमेकांशी जुळत नाहीत.

पेपरच्या दिवशी तू मला नवापूरच्या स्टँडवर सोडायला आलीस. पेपर नंदुरबारला होता. मी खिडकीजवळ बसले होते, मांडीवर डबा, अंड्याचा रस्सा आणि भाकरी. गाडी सुरू झाली तशी तू खिडकीपाशी धावत आलीस आणि जाळीला हात लावून म्हणालीस, "सांभळ." ऐक म्हणण्याची वेळ आली की तू नेहमी माहेरचं सांभळ म्हणायचीस. मी वाकून म्हटलं, काय? तू तोंड उघडलंस, मिटलंस. मग म्हणालीस, "डबा आडवा धरू नको, रस्सा सांडी." गाडी निघाली. त्या दिवशी पेपरात पक्ष्याचा प्रश्न आला. चार पर्यायांत दोन्ही पक्षी होते, एकाखाली एक. माझा हात तिथे थांबला, कानात ते टक् टक् सुरू झालं, आणि शेवटी मी कुठे खूण केली ते मला आजवर नक्की आठवलेलं नाही. काठावर पास झाले. म्हणजे बहुतेक बरोबर केली असणार. बहुतेक.

एवढंच असतं तरी मी सोडून दिलं असतं. म्हटलं असतं, बिचारीला जे येत होतं ते तिने दिलं. पण निकाल लागायच्या आधी आपण दोघी तुझी राहिलेली मजुरी विचारायला शेडवर गेलो होतो, आठवतं? मालक नव्हता. मागच्या पिंपळाला फळं लागली होती, आणि वर पानांत काहीतरी हललं. मला आधी पानंच वाटली. तू थांबलीस, बोट दाखवलंस आणि सहज म्हणालीस, "ते दख, हरियल. तुन्हा महाराष्ट्रना पक्षी."

मी जागच्या जागी उभी राहिले. "तुले माहीत व्हतं?"

"माले काय माहीत नही?"

"मंग मी हरियल म्हने तवय तू अंडं हातमा काबर धरी ठेवे?"

तू पदर खोचलास आणि चालायला लागलीस. "चाल, पीठ मळनं शे." पुढे कितीदा विचारलं, ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशीही विचारलं. दरवेळी तुझ्याकडे काही ना काही काम निघायचं. मग माझं लग्न झालं, पोर झाली, तू आजारी पडलीस, आणि दवाखान्यात असले प्रश्न कोण विचारतं. तू माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये कधी राहायला आली नाहीस, मामाकडेही गेली नाहीस. शेवटपर्यंत नवापूर. मला हे सगळं एकत्र ठेवून बघता येत नाही, माय. एक जमलं की दुसरं निसटतं.

आता आजचं सांगते, ज्यासाठी बसले. सकाळी मी पोरीची वेणी घालत होते. तिचे केस तुझ्यासारखे, दाट आणि हट्टी. ती पुस्तक न घेता, डोळे मिटून, भराभर म्हणत होती, मी हं हं करत होते. लक्ष अर्धं तिच्या बोलण्यात, अर्धं या विचारात की ठाण्याची भरती लागली तर ही गेलीच. इथे नंदुरबारच्या जागा थोड्या म्हणून तिने तिकडे अर्ज केला, मीच हो म्हणाले होते. चांगला जोर लावला आहे तिने, लागेलही. मग या घरात फ्रिजवरच्या नद्या आणि मी. मनात हे चाललेलं आणि तिने मधेच विचारलं, "मम्मी, राज्यपक्षी?"

मी म्हणाले, "सुरखाब."

तिने मान वळवली. वेणी हातातून सुटली. "हरियल ना?"

त्या वेळी मी हसायला हवं होतं. अगं, आजीचं तोंडात बसलंय, हरियलच, असं म्हणायला हवं होतं. पूर्वी एकदा सिंह म्हणाले होते तेव्हा तसंच केलं होतं, आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. पण मी तिचं डोकं धरून सरळ केलं आणि म्हणाले, "सुरखाब." चौकीत जो आवाज लावते, त्या आवाजात.

"हो का?" ती म्हणाली. "मी आपली कधीची हरियल हरियल करतेय. बरं झालं विचारलं." आणि पुढे गेली, फुलाकडे. ताम्हण बरोबर म्हणाली. मी हं म्हटलं. तिने पुस्तक उघडून बघितलं नाही. हवालदार आईने सांगितल्यावर पुस्तक कशाला बघायचं? माझं बोलणं तिने खणखणीत मानलं, आणि ते बसकं आहे हे मला एकटीला ऐकू येत होतं.

मग धावपळ झाली. तिच्याबरोबर क्लासच्या दोन मुली होत्या, त्यांचे आईबाप, पिशव्या. मला वायरलेसवर बोलावणं आलं आणि मी स्टँडवरून अर्ध्यातच निघाले, गाडी सुटताना तिथे नव्हतेही. संध्याकाळपर्यंत बंदोबस्तात उभी होते आणि मनात एकच, की सांगायचं आहे. एका मार्काने काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? माझ्याबरोबर हायवेवर धावणारी एक मुलगी एका मार्काने राहिली होती, आज ती नवापूरच्या बाजारात बांगड्या विकते, मला भेटली की मॅडम म्हणते. मी काही पोरीचं वाईट चिंतत नाही. ती गेली तर मला अभिमानच वाटेल, तिचा फोटो मी सगळ्या स्टाफला दाखवीन. आणि तरीही ती मला सोडून जाऊ नये असं वाटतं, अगदी पोटातून वाटतं. दोन्ही खरं आहे. ते सुरखाब यातल्या कुठल्या कप्प्यातून आलं, की नुसतं तुझं जुनं पाठांतर जिभेवर आलं, मला सांगता येत नाही. पहिल्यांदा चुकून आलं असं धरते. दुसऱ्यांदा आलं त्याला काय म्हणू?

इथपर्यंत लिहिलं आणि तिचाच फोन आला. नाशिक मागे पडलं म्हणाली. मागे गाडीचा आवाज, मुलींचं हसणं. अभ्यास सगळा झालाय, टेन्शन घेऊ नको, उलट मलाच सांगत होती. मी उठून खिडकीशी गेले. म्हणाले, "ऐक."

"हां, बोल ना."

मी तोंड उघडलं. हरियल, चार अक्षरं. पलीकडे ती थांबली होती.

"डबा आडवा धरू नको," मी म्हणाले, "रस्सा सांडेल."

ती खदखदून हसली. "मम्मी, डबा कधीच खाऊन झाला." आणि फोन ठेवला.

तू त्या दिवशी गाडीच्या जाळीला हात लावून काय सांगणार होतीस, ते मला आत्ता, या खिडकीशी उभी राहून कळलं असं वाटतं. का सांगितलं नाहीस ते मात्र अजूनही कळत नाही, आणि आता तर मी स्वतःला विचारूनही कळत नाही. हा कागद मी घडी करून कुठे टाकणार, नवापूरचा तुझा पत्ता तर केव्हाच गेला. फोन ओट्यावर आहे. पोरीचा पेपर सकाळी आहे, तोपर्यंत कधीही लावता येईल. मी लावेन की नाही, ते मला माहीत नाही, माय.